ड्रायव्हर उडवण्याआधी पोर्ट बघा

"प्रिंट निघत नाही" अशी हाक आली की पहिला हात जातो तो प्रिंटर रिमूव्ह करून ड्रायव्हर (कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरच्या भाषेत सांगणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकण्याकडे. बऱ्याचदा त्यानंतर प्रिंट निघतेही, आणि ड्रायव्हरच बिघडला होता असा समज पक्का होतो. खरं तर प्रिंटर नव्याने ॲड करताना त्याच्याबरोबर पोर्टही (प्रिंट कुठल्या वाटेने प्रिंटरकडे जायची ही विंडोजमधली नोंद) नवा तयार झालेला असतो आणि दुखणं त्या पोर्टाचंच असतं. चार दिवसांनी प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो आणि तीच हाक पुन्हा येते. ड्रायव्हर म्हणजे दूध नव्हे, ठेवल्या ठेवल्या नासायला. काल चालत होतं, आज बंद पडलं आणि मधे काही अपडेट झालेलं नाही, तर संशय आधी केबल, आयपी, पोर्ट आणि क्यू (छपाईच्या कामांची रांग) यांच्यावर घ्यावा. ड्रायव्हरची पाळी सगळ्यात शेवटी.

म्हणून काहीही उडवण्याआधी पाच मिनिटं खर्च करून दोष नेमका कुठल्या कडीत आहे ते काढायचं. सुरुवात प्रिंटरच्या टोकाकडून. त्याच्या स्वतःच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा. ज्या छोट्या मशीनला पडदा नसतो तिथे एखादं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की ते निघतं. हा कागद कॉम्प्युटरचा काहीही संबंध न येता छापला जातो, त्यामुळे तोच निघाला नाही तर विंडोजला हात लावण्यात अर्थ नाही. निघाला तर त्यावरच्या तीन गोष्टी वाचा: आयपी ॲड्रेस, मॅक ॲड्रेस (मशीनचा न बदलणारा ओळख क्रमांक) आणि मशीनला कुठल्या प्रिंटर भाषा कळतात ती यादी. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा, बहुधा राउटरमध्येच) पत्ता मिळालेलाच नाही. केबल, स्विचचं पोर्ट किंवा वायफायचा पासवर्ड बघा.

मग कॉम्प्युटरवरून त्या आयपीला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून हाक मारून बघा. पिंगला उत्तर आलं म्हणजे प्रिंटरच बोलला असं नाही, त्या पत्त्यावर कुणीतरी आहे एवढंच कळतं. आयपी ब्राउझरमध्ये टाकून बघा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं आणि मॉडेलचं नाव दिसलं की खात्री झाली. पत्ता एखाद्या फोनला किंवा लॅपटॉपला गेलेला असेल तर हे पान उघडत नाही, पिंगला उत्तर मात्र येऊ शकतं.

तिसरी पायरी विंडोजचं टेस्ट पेज. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर बटण आहे. हे पान लोक बघतात आणि चुरगाळून टाकतात. ते वाचायचं असतं. त्यावर ड्रायव्हरचं नाव आणि पोर्टचं नाव छापलेलं असतं. टेस्ट पेज नीट आलं तर ड्रायव्हर, स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावून पाठवणारी विंडोजची सेवा), पोर्ट, केबल सगळं ठीक आहे, दोष ज्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट देताय त्यात किंवा त्या फाइलमध्ये आहे. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून छापा, मग अडलेली फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून छापा. इथे ड्रायव्हर बदलून काही साधत नाही.

कुठला ड्रायव्हर घ्यायचा

एकाच मॉडेलसाठी कंपनीच्या साइटवर चार-पाच ड्रायव्हर असतात आणि निवड नावावरून करता येत नाही. पत्रं, बिलं, एक्सेलचे तक्ते असं नेहमीचं ऑफिसचं काम असेल तर पीसीएल ६ या प्रिंटर भाषेचा घ्या. फाइल लहान होते, प्रिंट लवकर सुरू होते. डिझाइनचं काम, छपाईपूर्व पीडीएफ, ॲपलची मॅक मशीनं असतील तर पोस्टस्क्रिप्ट या भाषेचा. स्वस्त लेझर प्रिंटरांना या दोन्हींपैकी काहीच कळत नाही. त्यांचं पान कॉम्प्युटरच तयार करून पाठवतो, म्हणून तिथे त्या मॉडेलचाच ड्रायव्हर लागतो. "मिळताजुळता" ड्रायव्हर टाकून भागवण्याची युक्ती अशा प्रिंटरवर चालत नाही.

एकाच कंपनीची पाच-सहा मॉडेलं असतील तर युनिव्हर्सल ड्रायव्हर सोयीचा: एचपीचा युनिव्हर्सल, झेरॉक्सचा ग्लोबल, कॅननचा जेनेरिक प्लस. एकच फाइल सगळीकडे चालते. मोबदल्यात एखाद्या मॉडेलच्या खास सोयी मेनूत दिसत नाहीत.

"फुल सोल्यूशन" किंवा "कंप्लीट सॉफ्टवेअर" नावाचा मोठा सेटप ऑफिसच्या मशीनवर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. त्यात शाईच्या जाहिराती, अपडेटर आणि दर वेळी वर उठून येणारी खिडकी असते. "बेसिक ड्रायव्हर" किंवा नुसती आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी) असलेला झिप घ्या. मल्टिफंक्शन मशीन असेल तर स्कॅनिंगचा ड्रायव्हर मात्र वेगळा बघावा लागतो, ते विसरून "प्रिंट येते, स्कॅन होत नाही" अशी तक्रार ओढवून घेऊ नका.

नव्या प्रिंटरांना विंडोज स्वतःचा आयपीपी क्लास ड्रायव्हर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरांना चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर) लावतं आणि साध्या कामाला तो पुरतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं की विंडोज अपडेटमधून इतर कंपन्यांचे ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने बंद होणार, त्यामुळे यापुढे हाच ड्रायव्हर जास्त दिसेल. अडचण येते ती मोठ्या कॉपियर मशीनवर. तिथे डिपार्टमेंट कोड (कुठल्या विभागाने किती छापलं याच्या हिशेबाचा आकडा) चालू असेल आणि क्लास ड्रायव्हर कोड पाठवत नसेल, तर मशीन ते काम मुकाट रद्द करतं. कॉम्प्युटरवर "प्रिंट झालं" असं दिसतं आणि ट्रेमध्ये काहीच नसतं. अशा ठिकाणी कंपनीचाच ड्रायव्हर टाकून त्याच्या डिव्हाइस सेटिंग्जमध्ये कोड चालू करावा लागतो.

डाउनलोड करण्याआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे सिस्टिम टाइप बघा. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर ६४ बिटचा नेहमीचा ड्रायव्हर बसत नाही. सॉफ्टवेअरं चालतात म्हणून ड्रायव्हरही चालेल असं वाटतं, पण नाही. एआरएम ६४ चा ड्रायव्हर शोधा, नाहीतर क्लास ड्रायव्हरवर भागवा.

आयपी मारून प्रिंटर ॲड करणं

नेटवर्क प्रिंटरसाठी हीच पद्धत वापरा. विंडोजने आपणहून शोधून दिलेला प्रिंटर बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्टवर बसतो. हा पोर्ट आयपीवर अवलंबून नसतो, नेटवर्कवर हाक मारून प्रिंटर शोधतो. ऐकायला छान, पण राउटर बदलला, प्रिंटर दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) गेला की हाक पोहोचत नाही आणि प्रिंटर ऑफलाइन.

त्याआधी पत्ता पक्का करा. राउटरमध्ये किंवा डीएचसीपी सर्व्हरवर प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर आयपी राखून ठेवा. प्रिंटरच्या पॅनेलवर स्टॅटिक आयपी टाकत असाल तर तो डीएचसीपी वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा घ्या. त्या पट्ट्यातल्या पत्त्यांचा शेवटचा आकडा १०० ते २०० असेल तर प्रिंटरला ५०. पट्ट्यातलाच दिला तर कधीतरी तो दुसऱ्याला वाटला जातोच.

आता झिप पूर्ण उघडून एका फोल्डरमध्ये ठेवा. फक्त आयएनएफ फाइल बाजूला काढून पेनड्राइव्हवर नेऊ नका. तिच्या शेजारची कॅट फाइल म्हणजे डिजिटल सही, ती नसेल तर विंडोज "सहीची माहिती नाही" म्हणून ड्रायव्हर नाकारतं.

सेटिंग्जमधल्या प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड डिव्हाइस दाबा आणि शोध चालू असताना थोडं थांबा. 'ॲड मॅन्युअली' हा दुवा काही सेकंदांनी उगवतो. तिथे आयपी ॲड्रेस किंवा होस्टनेमने ॲड करण्याचा पर्याय घ्या. डिव्हाइस टाइपमध्ये 'ऑटोडिटेक्ट' तसंच ठेवू नका, 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' निवडा, नाहीतर इथेही डब्ल्यूएसडी गळ्यात पडू शकतो. आयपी टाका, आणि खाली "प्रिंटरला विचारून ड्रायव्हर आपोआप निवडा" अशा अर्थाची टिक असते ती काढा. पुढे ड्रायव्हरची यादी आली की 'हॅव डिस्क', मग फोल्डरमधली आयएनएफ. शेअर करू का असं विचारलं तर नको म्हणा.

पोर्टचं नाव बघून घ्या. १९२.१६८.१.५० असं असायला हवं. शेवटी खालची रेघ आणि १ जोडलेलं दिसलं तर त्याच आयपीचा जुना पोर्ट आधीपासून पडून आहे. चालतं, पण पुढे कुठला पोर्ट कुठल्या प्रिंटरचा याचा घोळ होतो. जुना काढून टाकलेला बरा.

यूएसबी प्रिंटरची गोष्ट लहान आहे. सेटप "आता केबल लावा" म्हणेपर्यंत केबल लावायची नाही. आधी लावली की डिव्हाइस कधीकधी 'अनस्पेसिफाइड'मध्ये जाऊन बसतं. केबल ५ मीटरच्या आत ठेवा आणि हबमधून न नेता थेट मशीनच्या मागच्या पोर्टात लावा. कुणी टेबल पुसताना केबल काढून दुसऱ्या भोकात घातली की काही प्रिंटर नव्याने ओळखले जातात आणि यादीत 'कॉपी १' दिसू लागतो. जुन्या नावाचा प्रिंटर यूएसबी ००१ कडे बघत बसतो आणि प्रिंटर असतो यूएसबी ००२ वर. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमध्ये टिक बदलली की संपलं.

ऑफलाइन, पण चालू आहे

प्रिंटर चालू, पिंग लागतो, ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि विंडोजमध्ये मात्र फिकट रंगात 'ऑफलाइन'. आधी क्यूची खिडकी उघडून 'यूझ प्रिंटर ऑफलाइन'वर चुकून टिक झालीय का बघा. नसेल तर पोर्ट्स टॅब. डब्ल्यूएसडी असेल तर तिथेच ॲड पोर्ट करून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा आणि टिक त्यावर न्या. प्रिंटर उडवायची गरज पडत नाही. आयपी बदललेला असेल तरीही हेच.

पोर्ट बरोबर असूनही ऑफलाइन दिसत असेल तर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'वरची टिक काढा. विंडोज प्रिंट पाठवतं ९१०० या नेटवर्क पोर्टवर (हा वरच्या पोर्टहून वेगळा, नुसता क्रमांक), पण प्रिंटर जागा आहे का हे विचारतं एसएनएमपीने, म्हणजे १६१ वर. मशीनवर एसएनएमपी बंद असेल, कम्युनिटीचं नाव (एसएनएमपीचा पासवर्डासारखा शब्द) 'पब्लिक'वरून बदललेलं असेल किंवा फायरवॉल मधे येत असेल, तर उत्तर येत नाही आणि विंडोज त्याचा अर्थ 'ऑफलाइन' असा लावतं. प्रिंटचा रस्ता मोकळा असतो, चौकशीचा बंद. टिक काढल्यावर कागद संपला वगैरे सूचना कॉम्प्युटरवर येणार नाहीत, एवढीच किंमत.

आणि कधीकधी प्रिंट भलत्याच प्रिंटरवर गेलेली असते. विंडोज १० पासून "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा" असा पर्याय आहे. तो चालू असला की शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. ऑफिसात तो बंदच ठेवावा.

क्यू अडकली

एक काम 'डिलीटिंग' म्हणतंय, जात नाही आणि मागे बारा कामं उभी आहेत. कॅन्सल दाबत राहून उपयोग नाही, कारण स्पूलरने ती फाइल धरून ठेवलेली असते. स्पूलरच थांबवायचा. सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' शोधून स्टॉप करा, किंवा ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट स्टॉप स्पूलर'. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल आणि त्यात प्रिंटर्स हा फोल्डर उघडा. परवानगी विचारेल, द्या. आत प्रत्येक कामाच्या दोन फाइली दिसतील, एक एसपीएल, एक एसएचडी. पहिलीत छापायचा मजकूर, दुसरीत कुणी, कुठे, किती प्रती हा हिशेब. फाइली सगळ्या उडवा, फोल्डर उडवू नका. शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला हात नको. मग 'नेट स्टार्ट स्पूलर'. त्या मशीनवरच्या सगळ्याच प्रिंटरांची थांबलेली कामं यात जातात, म्हणून आधी सगळ्यांना सांगा.

स्पूलर चालू केला की लगेच पुन्हा बंद पडतो, फोल्डर रिकामा असूनही, अशी वेळ आली की मात्र ड्रायव्हरकडे बोट दाखवायला हरकत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगात ७०३१ क्रमांकाच्या नोंदी स्पूलरच्या नावाने दिसतील. ॲप्लिकेशन लॉगात त्याच वेळेच्या क्रॅशच्या नोंदीत बऱ्याचदा दोषी डीएलएलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या आतल्या प्रोग्रॅम फाइलचं, नाव असतं, त्यावरून कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर ते कळतं. "मी प्रिंट दिलीच नव्हती" किंवा "मी दिली पण आलीच नाही" असले वाद मिटवायचे असतील तर प्रिंटसर्व्हिसखालचा 'ऑपरेशनल' लॉग चालू करून ठेवा. तो मुळात बंद असतो. त्यात ३०७ क्रमांकाची नोंद म्हणजे काम प्रिंटरला दिलं गेलं: कुणी, कुठल्या मशीनवरून, कुठल्या पोर्टवर, किती पानं.

कचरा छापतोय

पानामागून पान येतंय आणि प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ, अनाकलनीय चिन्हांची. त्यात टक्क्याचं चिन्ह, १२३४५ आणि पीजेएल अशी अक्षरं ओळखता आली तर निदान झालंच: प्रिंटरला दिलेल्या सूचना तो सूचना म्हणून न वाचता मजकूर म्हणून छापतोय. ड्रायव्हर एका भाषेत बोलतोय, मशीनला ती येत नाही.

थांबवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रिंटर नुसता बंद करून चालू केला तर स्पूलर तेच काम पुन्हा पाठवतो आणि आणखी पन्नास पानं जातात. आधी कागदाचा ट्रे ओढून काढा, मग कॉम्प्युटरवरून काम डिलीट करा, मग प्रिंटर बंद, दहा सेकंदांनी चालू, आणि ट्रे शेवटी. त्यानंतर कॉन्फिगरेशन पेजवरच्या भाषांच्या यादीशी जुळणारा ड्रायव्हर लावा. बाकी सगळं नीट छापतं आणि एकाच फाइलला 'पीसीएल एक्सएल एरर' येतो, तर ती फाइल 'प्रिंट ॲज इमेज' करून द्या. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चौकोन किंवा तुटलेली जोडाक्षरं येत असतील तेव्हाही तोच उपाय. फॉन्टच्या देवाणघेवाणीत गडबड असते, चित्र म्हणून पाठवलं की फॉन्टचा प्रश्न उरत नाही. वेळ जास्त लागतो.

प्रिंट येत नाही आणि मशीनवर पिवळा दिवा लुकलुकतोय, ट्रेमध्ये कागद भरलेला, तरी "कागद घाला" म्हणतंय? कागदाचा आकार बघा. नव्याने टाकलेल्या ड्रायव्हरचा डीफॉल्ट कधीकधी लेटर असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए-४ आहे, २१० बाय २९७. मशीन न मिळणाऱ्या कागदाची वाट बघत बसतं. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये बदलून पुरत नाही, तो बदल त्या एका युजरपुरता असतो. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' आहे, तिथे बदला म्हणजे सगळ्यांना लागू. दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय फिकट दिसत असेल तर डिव्हाइस सेटिंग्ज टॅबवर डुप्लेक्स युनिट 'नॉट इन्स्टॉल्ड' आहे, ते 'इन्स्टॉल्ड' करा.

शेअर केलेला प्रिंटर

एका मशीनला यूएसबीने जोडून बाकीच्यांना शेअर करणं हा नाइलाजाचा मार्ग समजावा. ते मशीन झोपलं की सगळ्यांची छपाई झोपते. शिवाय २०२१ च्या उन्हाळ्यात स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड उघड झाल्यापासून नियम कडक झालेत. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून शेअर प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवायला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणून साध्या युजरला पासवर्डची खिडकी दिसते. ड्रायव्हर आधीच मशीनवर टाकून ठेवला की बहुतेक वेळा ती येत नाही.

जोडताना ११बी वर संपणारा एरर कोड आला तर दोन मशीनांच्या अपडेटमध्ये अंतर आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) एक किंमत शून्य करा असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने प्रिंट निघते, पण जे भगदाड बुजवायला अपडेट आलं तेच पुन्हा उघडतं. दोन्ही मशीनं अपडेट करा. अगदीच अडलं तर क्लायंटवर ड्रायव्हर हाताने टाका आणि नवा 'लोकल पोर्ट' बनवून त्याच्या नावात शेअरचा पूर्ण पत्ता लिहा: दोन उलट्या तिरप्या रेघा, मशीनचं नाव, एक उलटी रेघ, प्रिंटरचं शेअर नाव. ७०९ वर संपणारा कोड विंडोज ११ च्या २२एच२ नंतर जास्त दिसू लागला. तिथे नवी मशीनं टीसीपीने बोलतात आणि जुनी नेम्ड पाइप या आधीच्या पद्धतीने. ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली आरपीसीच्या (मशीनांच्या आपसातल्या बोलण्याच्या) कनेक्शनची सेटिंग दोन्हीकडे जुळवावी लागते.

ड्रायव्हर खरंच उडवायचा असेल तर

यादीतून 'रिमूव्ह' केल्याने फक्त क्यू जाते. ड्रायव्हर मशीनवरच राहतो, आणि पुन्हा ॲड केला की तोच बिघडलेला परत येतो. रन खिडकीत 'प्रिंटयूआय', त्यापुढे जागा सोडून तिरपी रेघ एस, पुन्हा जागा, तिरपी रेघ टी २ असं इंग्रजीत टाइप केलं की ड्रायव्हरांची यादी थेट उघडते. हवा तो निवडून रिमूव्ह, आणि पुढे विचारल्यावर 'ड्रायव्हर आणि पॅकेज' दोन्ही. "वापरात आहे" म्हणून नकार आला तर त्याच ड्रायव्हरवर बसलेली दुसरी क्यू राहिलीय का बघा. त्याच कंपनीची फॅक्सची क्यू हमखास विसरली जाते. तीही काढा, स्पूलर रीस्टार्ट करा आणि दुसरं काही उघडण्याआधी लगेच रिमूव्ह दाबा.

वीस मशीनं असतील तर हे सगळं वीसदा करू नका. एका मशीनवर नीट बसवून प्रिंट मॅनेजमेंटमधून प्रिंटर फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि बाकीच्यांवर इम्पोर्ट करा. विंडोजच्या होम आवृत्तीत प्रिंट मॅनेजमेंट मिळत नाही. पॉवरशेलने करणार असाल तर क्रम असा: आधी पीएनपीयूटिल या कमांडने आयएनएफ ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोजच्या ड्रायव्हरांच्या साठ्यात), मग ॲड-प्रिंटरड्रायव्हर, ॲड-प्रिंटरपोर्ट आणि शेवटी ॲड-प्रिंटर. ड्रायव्हरचं नाव आयएनएफमध्ये जसं लिहिलंय तसंच, स्पेससकट द्यावं लागतं. एक स्पेस चुकली तरी "असा ड्रायव्हर नाही" म्हणून स्क्रिप्ट थांबते, म्हणून ते नाव टाइप न करता चालू असलेल्या मशीनवरून कॉपी करून घ्या.